साडेआठचा फोन

श्रीधर सेलूकर हा फोन न उचलणाऱ्यांतला माणूस नव्हे. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरींशीसुद्धा तो "नको हो ताई, आहे आमच्याकडं" असं पूर्ण वाक्य बोलतो आणि मगच ठेवतो. उभा जन्म बँकेच्या काउंटरमागं गेला. समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय हाडीमाशी खिळलेली. अशा माणसानं पंचवीस सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी एकाच माणसाचा फोन दोनदा कापला. त्यावरून त्याला जी लाज आली ती अजून अंगावरून उतरलेली नाही. उतरूही नये असं माझं मत आहे, पण ते राहू द्या.

फोन होता राजेंद्रचा. राजेंद्र करमाडचा, जालना रोडनं शेंद्रा मागं टाकलं की त्याचं गाव. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेला. श्रीधर आणि तो बीएस्सीला एका बाकावर बसायचे. शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात दोघांनी राजेंद्रच्या ओसरीत बसून काचेवर काच घासली आणि दुर्बिणीचे दोन आरसे तयार केले. राजेंद्रची माय वैतागून म्हणायची, एवढं घासायचंच हाय तर माझी भांडी घ्या की. एक दुर्बीण करमाडला राहिली, एक श्रीधरसोबत शहरात आली. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, केस पिकले, पण वेड काही गेलं नाही. ज्या ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होतं ते बघत बसायचे आणि काय दिसलं ते जगभरच्या निरीक्षकांच्या संघटनेला कळवायचं. त्यातून दमडी मिळत नाही. बायकोची बोलणी तेवढी मिळतात.

आता ताऱ्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उत्तर मुकुट नावाचा एक लहानसा तारकासमूह आहे. उन्हाळ्यात अंधार पडला की पूर्वेला जरा वर बघा, अर्धी फुटलेली बांगडी ठेवल्यासारखा दिसेल. तिच्या कडेला एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतूनही लालसर ठिपका, तोही मिणमिणता. मुळात तो एक नाहीच, जोडी आहे. एक म्हातारा, फुगलेला लाल राक्षसी तारा. त्याच्या जोडीला पृथ्वीएवढाच चिमुकला, पांढरा, भयंकर तापलेला दुसरा. हा धाकटा थोरल्याच्या अंगावरचा वायू ओढत बसतो. वर्षानुवर्षं ओढतो, साठवतो, आणि साधारण ऐंशी वर्षांनी एकदा असा भडकतो की चार-सहा दिवस ती जोडी कुणालाही अंगणातून दिसावी. मग पुन्हा गप्प. मागच्या खेपेला भडकली ती १९४६ साली. राजेंद्रच्या बायकोनं, रत्नमालानं, हे ऐकून एकदा म्हटलं होतं, म्हणजे अंगावरचं जातंय एकाचं अन् नाव होतंय दुसऱ्याचं. त्यावर दोघं दोस्त पोट धरून हसले होते.

चोवीस साली हा तारा भडकणार अशी जगभर बोंब झाली. नाही भडकला. पंचविसात नक्की, म्हणाले. जन्मात एकदाच मिळणारी गोष्ट, आणि आपल्या हयातीत. दोघांनी त्याच्यावर पाळतच ठेवली. पाळत ठेवायची त्यांची एक रीत होती. रोज संध्याकाळी साडेआठला दोघांनी आपापल्या दुर्बिणीतून तारा बघायचा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा आकडा मनात ठरवायचा, आणि राजेंद्रनं फोन लावायचा. हॅलो नाही, जेवलास का नाही. एक, दोन, तीन, आणि दोघांनी एकदम आकडा बोलायचा. एकदम अशासाठी की एकाचं ऐकून दुसऱ्यानं आपला आकडा हलवू नये. डोळा फार लवकर भिडस्त होतो, असं राजेंद्र म्हणायचा. या आकड्यांचं गणित उलटं असतं, आकडा मोठा तितका तारा मंद. आमच्या ताऱ्याचा बहुतेक रोज नऊ पॉइंट आठ यायचा. दोघांचा जुळला की दोघांच्या नावानं पुढं जायचा. आणि एक शपथ होती, उगीच गमतीत घेतलेली नव्हे. तारा भडकलेला दिसला तर जगाला सांगायच्या आधी एकमेकांना सांगायचं.

त्या उन्हाळ्यात श्रीधरच्या मुलानं, शंतनूनं, कॅनडाहून येताना बापाला नवी दुर्बीण आणली. यंत्राची. ताऱ्याचं नाव दाबलं की घूं घूं करत आपली आपण वळायची. श्रीधरला एवढा आनंद झाला की जुनी दुर्बीण त्यानं माळ्यावर टाकली, चादरीत गुंडाळून का होईना. राजेंद्र बघायला आला, लई भारी म्हणाला, आणि मग डोळा लावून जरा वेळानं त्यानं विचारलं की ह्याच्यात आभाळ आरशासारखं पलटतं, डावं-उजवं होतं, डोळ्याला सवय व्हायला वेळ लागंल ना. श्रीधरनं ते हसण्यावारी नेलं. यंत्रच शोधतं म्हटल्यावर डावं-उजवं बघायचंय कुणाला.

ती संध्याकाळ गुरुवारची. दिवसभर फुफाटा उडालेला, आभाळ मातकट, पूर्वेला नुसत्या डोळ्यांना मुकुटातली एकच ठळक चांदणी कशीबशी दिसत होती. मीनाक्षी, श्रीधरची बायको, खाली टँकरवाल्याशी भांडत होती. साडेआठला अजून जरासा अवकाश होता. श्रीधरनं बटण दाबलं, यंत्र घुरघुरत वळलं, थांबलं. त्यानं डोळा लावला. रोजच्या मिणमिणत्या ठिपक्याच्या जागी चांगला टपोरा, नारिंगी तारा बसला होता.

त्यानं डोळा काढला, पुसला, परत लावला. तारा तिथंच. तेज साधारण चार. पूर्ण भडकल्यावर दोन व्हायला हवं, म्हणजे आपण चढतीवर पकडला, पहिल्या तासातच पकडला. आजूबाजूच्या बारक्या ताऱ्यांची ठेवण रोजच्यासारखी वाटेना, हे त्याला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांचा सराव, दिसणारच. पण त्यानं मनाशी म्हटलं, आरशासारखं पलटलंय म्हणून तसं वाटतंय. राजेंद्रनं सावध राहायला सांगितलेली गोष्ट त्यानं सबबीसाठी वापरली. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की तो असा स्वतःचाच वकील होतो.

हात खिशातल्या फोनकडं गेला. राजेंद्रचं नाव सगळ्यात वर होतं, रोजचंच. अंगठा तिथंवर गेला आणि थांबला. साडेआठला तो बघणारच आहे, त्याच्या मनात आलं. मग ते दोघांचं होईल. आणि दोघांचं झालं की काय, हे वाक्य त्यानं मनातसुद्धा पुरं केलं नाही. पण अंगठा खाली सरकला आणि खगोल मंडळाच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं: "उत्तर मुकुटातला तारा भडकला आहे. तेज चार, वाढतं आहे. प्रथम निरीक्षण: श्रीधर सेलूकर, सिडको."

प्रथम निरीक्षण. दोन शब्द जास्तीचे. ते लिहिले नसते तर अर्धी गोष्ट घडलीच नसती.

पुढं काय विचारता. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांचा फोन आला. त्यांनी लगोलग चार पत्रकारांना कळवलं. ग्रुपवर अभिनंदनाच्या हात, फुलं, फटाके अशा चित्रांचा पाऊस पडला. तेवढ्यात साडेआठ झाले आणि राजेंद्रचा फोन वाजला. श्रीधर तेव्हा एका स्थानिक चॅनेलच्या चारुता नावाच्या मुलीशी दुसऱ्या लाइनवर बोलत होता, ती जवळच टीव्ही सेंटर चौकात होती, कॅमेरा घेऊन येतेच म्हणत होती. स्क्रीनवर राजेंद्रचं नाव. श्रीधरनं लाल बटण दाबलं. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा दाबलं. नंतर सांगतो की, असं म्हणाला तो स्वतःशी. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

नऊ वाजून गेले तोवर गच्ची माणसांनी भरली. कॉलनीतली पोरं, त्यांच्या आया, कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा, आणि दिव्यात श्रीधर, केसांवर हात फिरवून उभा. तपस्येचं फळ वगैरे बोलला. कोण कोण सोबत होतं, असं चारुतानं विचारलं. भल्या पोरीनं सरळ विचारलं होतं. श्रीधर म्हणाला, मित्रपरिवाराची साथ असतेच.

मग सोयगावचा मेसेज आला. कडुबा म्हणून तिकडचा एक मेंबर, वर्षातून दोनदा काय ते लिहिणारा. आमच्याकडं आभाळ स्वच्छ आहे, मुकुट पुरा दिसतोय, जास्तीचा तारा कुठंच नाही, एवढंच लिहिलं होतं. पाठोपाठ पुण्याच्या कुणीतरी दुर्बिणीतून काढलेला फोटो टाकला. मिणमिणता लाल ठिपका आपल्या जागी जसाच्या तसा होता. आणि त्याच्या बाजूला, एका बोटाच्या रुंदीवर, एक टपोरा नारिंगी तारा. तो कालही तिथं होता, हजार वर्षांपूर्वीही होता. यंत्र बोटभर चुकलं होतं आणि श्रीधरनं शेजाऱ्याला घरचा मालक समजून हार घातला होता.

धरणी पोटात घेईल तर बरं, म्हणतात ना, ते श्रीधरला त्या वेळी अक्षरशः कळलं. चारुतानं दिवा बंद केला, अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. माणसं जिना उतरताना काय बोलतील ते त्याला न ऐकताच ऐकू येत होतं. ग्रुपवर तर उधाणच. विमान होतं का सर, चष्म्याचा नंबर बघा सर, प्रथम निरीक्षणाबद्दल पुनश्च अभिनंदन. श्रीधर टाकीच्या कठड्यावर बसून राहिला. माफी मागायला हवी होती. तीन वेळा लिहायला घेतलं आणि तीन वेळा खोडलं.

तेवढ्यात राजेंद्रचा मेसेज पडला. ग्रुपवर, सगळ्यांसमोर.

"चूक माझी आहे. श्रीधरने लिहिण्याआधी मला फोन केला होता. मी इथून पाहून खात्री दिली. घाईत शेजारचा तारा पाहिला गेला. श्रीधरला दोष देऊ नये."

श्रीधरनं ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर त्याला आधी लाज वाटली नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलला म्हणून. लाज मागून आली, आणि आली ती मात्र जाईना. मीनाक्षी वर आली, तिनं आपल्या फोनवर ते वाचलं होतं. "राजेंद्रभाऊंना तुम्ही खरंच फोन केला होता?" तिनं विचारलं.

"हो," श्रीधर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन वाजला. श्रीधरनं उचलला. राजेंद्र नेहमीसारखा एक, दोन म्हणायला लागला तसा श्रीधर घाईनं म्हणाला, इकडं ढग आहेत, आज काही दिसत नाही. राजेंद्र बरं म्हणाला. तिसऱ्या दिवशीही ढग. चौथ्या दिवशीही. मे महिना, डोक्यावर आभाळ घासून लख्ख केलेल्या परातीगत, आणि याच्याकडं म्हणे ढग. करमाडहून शहराच्या बाजूचं आभाळ चांगलं दिसतं, हे दोघांनाही ठाऊक. राजेंद्र एवढंच म्हणाला की अजिंठ्याकडून येत असतील, उद्या बघू. त्यात टोमणा होता की माया, हे श्रीधरला कळेना, आणि कळेना म्हणून आणखी मेल्याहून मेल्यासारखं होई. खरं बोलायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य रोज साडेआठला ओठावर यायचं आणि ढग होऊन बाहेर पडायचं.

मंगळवारी काकासाहेबांनी त्याला औरंगपुऱ्यातल्या घरी बोलावून घेतलं. चहा झाला. मग ते मुद्द्यावर आले. दरवर्षी मेच्या अखेरीला करमाडच्या शाळेच्या मैदानात मंडळ पोरांसाठी आकाशाचं शिबिर घेतं. म्हणायला मंडळ, करतो सगळं राजेंद्र. रिटायर झाल्यापासून त्या माणसाचं वर्ष त्या शिबिराभोवतीच फिरतं. पंचक्रोशीतली पोरं येतात, ज्यांच्या घरी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशीही येतात, आणि जाताना शनीची कडी डोळ्यांत घेऊन जातात. काकासाहेब म्हणाले, त्या दिवशी मंडळाची फार नाचक्की झाली, पेपरात आलं. राजेंद्रसरांचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नसणार, मोतीबिंदू असेल. त्यांनी खात्री दिली म्हणून तुमच्यासारखा माणूस तोंडघशी पडला. तेव्हा यंदा शिबिर तुम्ही घ्या, नवी दुर्बीण आहेच. आणि सरांना तुम्हीच सांगा गोडीत, तुमचा जिवाभावाचा दोस्त आहे.

श्रीधरनं नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. त्यानं मान हलवली. होकारार्थी. कपातला उरलेला चहा संपवला, येतो म्हणाला, आणि जिना उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

तशीच गाडी त्यानं करमाडला काढली. सांगायला निघाला होता. पण काय सांगायला, ते त्याचं त्यालाही ठरवता आलं नव्हतं. खरं सांगायचं, की शिबिर काढून घेतलंय ते सांगायचं? चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं, तरी ठरेना.

राजेंद्र घरी नव्हता. रत्नमाला बाहेरच्या बाजेवर लसूण निवडत बसली होती. तिनं पाणी आणून दिलं, बसा म्हणाली. ते शाळेवर गेलेत, म्हणाली, शिबिराला जागा साफ करायला. चार दिवसांपासून तेच चाललंय, पोरांना बसायला गोल आखतेत. श्रीधरनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेना. रत्नमालानं लसूण बाजूला सारला आणि त्याच्याकडं सरळ बघितलं. बाई आवाज चढवणारी नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"भाऊजी, एक विचारू का? त्या दिवशी मी हितंच व्हते. ह्यांनी तारा बघितला अन् म्हणले, नऊ पॉइंट आठ, काय बदल नाय. मग तुमचं ते ग्रुपवरलं वाचलं. म्हणले, श्रीधरनं चुकून बाजूचा धरलाय, लोकं यायच्या आत सांगाया पायजे. दोनदा लावला फोन. तुम्ही कापला."

श्रीधरनं तांब्या खाली ठेवला.

"मंग घाबरले. म्हणले, श्रीधर माझा फोन कधी कापत नाय, त्याला काही झालं असंल. छातीत दुखलं असंल. तशीच गाडी काढली, जेवण सोडून. लई उशिरानं आले. मी विचारलं, कसे हायत भाऊजी? म्हणले, ठणठणीत हाय. गच्चीवर उभा हाय."

एवढं बोलून तिनं पुन्हा लसूण पुढं ओढला. पुढचं तिनं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. श्रीधरला सगळं दिसलं. कॉलनीच्या फाटकाशी स्कूटर लावून मान वर करून उभा असलेला राजेंद्र. वर कॅमेऱ्याचा दिवा, दिव्यात केसांवर हात फिरवणारा आपण. मित्रपरिवाराची साथ असतेच. ते त्याला खालपर्यंत ऐकू गेलं असेल का? आणि परतीच्या वाटेवर, जालना रोडवर कुठंतरी थांबून, त्यानं तो मेसेज लिहिला होता.

श्रीधर उठला. चहा ठेवते म्हणाली, नको म्हणाला. शाळेच्या फाटकापाशी येईतो दिवेलागण झाली होती. आत मैदानात राजेंद्रची पाठ दिसत होती, वाकून चुन्याची फक्की टाकत होता. श्रीधरनं पाऊल उचललं आणि पुन्हा मागं घेतलं. तिथंच फाटकाच्या खांबाला टेकून त्यानं फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं. या खेपेला खोडलं नाही. राजेंद्रनं खात्री दिली नव्हती. मी त्याला फोन केलाच नव्हता. मला सावध करायला त्यानं दोनदा केला, तो मी कापला, कारण मला एकट्याचं नाव हवं होतं. त्यानं तारा बरोबर पाहिला होता. चूक आणि खोटं, दोन्ही माझं. पाठवलं. कसं हलकं वाटलं म्हणून सांगू. आता काही बोलायला नको, त्याला वाटलं, वाचेलच तो.

मैदानात राजेंद्रच्या खिशात टुंग वाजलं. त्यानं हात झटकले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उभ्याउभ्या वाचलं. बराच वेळ वाचलं. मग फाटकाकडं बघितलं. श्रीधर फक्कीचा गोल न मोडता कडेकडेनं त्याच्यापाशी आला.

राजेंद्र रागावलेला दिसला नाही. थकलेला दिसला. "हे पण जगाला आधी," तो म्हणाला, "अन् मला नंतर."

चार चाबूक मारले असते तरी एवढं लागलं नसतं. श्रीधरचं हलकेपण जागच्या जागी गळून पडलं. हा बाबा चुकीची कबुलीसुद्धा ग्रुपवर टाकून मोकळा झाला होता, आणि ज्याचं देणं लागत होता तो चाळीस पावलांवर पाठमोरा उभा होता. खरं बोलणंही त्यानं सोयीनं केलं होतं. आता पोटात एकच गोष्ट उरली होती. ती जगाला ठाऊक नव्हती, मीनाक्षीला नव्हती, ग्रुपवर तर त्यानं लिहिलीच नव्हती. तीच सांगायची सगळ्यात लाज होती.

"राजा," श्रीधर म्हणाला, "हे शिबिर काकासाहेबांनी तुझ्याकडून काढून मला दिलं. आज दुपारी. तुझे डोळे गेले म्हणाले. मला ठाऊक होतं की नाही गेले. तरी मी मान हलवली."

राजेंद्रनं खाली बघितलं. हातातल्या पाटीत फक्की उरली होती, आणि गोलाचा शेवटचा तुकडा आखायचा राहिला होता. त्या दिवशीचं त्यानं गिळलं होतं, पण हे त्याला लागलं, ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. आणि श्रीधरला ते बघत उभं राहावं लागलं. मान वळवायची सोय नव्हती, ढग आहेत म्हणायची सोय नव्हती.

"तू तो मेसेज का लिहिलास?" शेवटी श्रीधरनंच विचारलं.

"आकडा दोघांच्या नावानं जायचा ठरला होता ना," राजेंद्र म्हणाला. "बरोबर आला की दोघांचा, चुकला की एकट्याचा, असं कुठं ठरलं होतं?"

श्रीधरच्या खिशात फोन वाजायला लागला. काकासाहेब असणार, ग्रुपवरचं वाचून. वाजत राहिला. राजेंद्र म्हणाला, घे, कापू नको. श्रीधरनं घेतला. काकासाहेब बरंच काही बोलत होते. श्रीधरनं एवढंच सांगितलं की शिबिर राजेंद्रचं आहे, त्याला पटलं तर तो घेईल. मला मंडळात ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा, मी मैदान झाडायला येईन. पलीकडून काय उत्तर आलं ते राजेंद्रनं विचारलं नाही. त्यानं पाटी उचलली, वाकून गोलाचा राहिलेला तुकडा पुरा केला आणि हात धुवायला नळावर गेला. पुरता अंधार पडला तरी श्रीधर तिथंच उभा.

मैदानाच्या कोपऱ्यात जुनी दुर्बीण पोत्याखाली झाकलेली होती. त्यांच्या दोन आरशांपैकी एक तिच्या पोटात. राजेंद्रनं पोतं काढलं, मुकुटाकडं तोंड केलं, सवयीनं एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जागा गाठली, बघितलं, आणि बाजूला झाला. श्रीधर वाकला. इथं आभाळ उलटं होतं, चाळीस वर्षांचं ओळखीचं उलटं. त्या टपोऱ्या नारिंगी शेजाऱ्यावरून तो बोटभर सरकला, आणि तिथं तो होता. मंद, लाल, जिथल्या तिथं. डोळ्यांत पाणी आल्यानं ठिपका जरा फिसकटला. तो पुसून त्यानं पुन्हा बघितला.

"साडेआठ झाले," राजेंद्र म्हणाला. दोघं हातभर अंतरावर, मध्ये फोन नाही. "एक. दोन. तीन."

"नऊ पॉइंट आठ," राजेंद्र म्हणाला.

"नऊ पॉइंट आठ," श्रीधर म्हणाला.

"उशिरा बोललास," राजेंद्र म्हणाला. "माझा ऐकून बोललास. असा नाय चालत. परत बघ."

श्रीधर मुकाट्यानं पुन्हा वाकला.